शेवरलेच्या ३५० घन इंच इंजिनचं ३८३ करताना जुनी हेड आणि कॅम चालतील का?

प्रश्न:
३५० स्मॉल ब्लॉकला (शेवरलेचं व्ही-८ इंजिन) ०.०३० इंच ओव्हरसाइझ बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) क्रँक, म्हणजे ३८३ घन इंच. हेड (सिलिंडरवरची झाकणं) ७६ सीसी ज्वलन चेंबरची, इनटेक व्हॉल्व्ह १.९४. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फ्लॅट टॅपेट, म्हणजे सपाट तळाच्या टॅपेटचा, ०.०५० इंच लिफ्टला (उचलीला) मोजलेला उघडा काळ २१४ अंश. हेच ठेवलं तर ५,५०० आरपीएमपर्यंत ओढेल का?

उत्तर १:
नाही ओढणार. सिलिंडर मोठा झाला की त्याला हवा जास्त लागते, पण व्हॉल्व्ह तेवढाच आणि तेवढाच वेळ उघडा. ३५० मध्ये ५,२०० ला येणारी कमाल पॉवर ३८३ मध्ये साधारण ४,७५० ला येईल, पुढे इंजिन गुदमरेल. खालचा टॉर्क मात्र झकास मिळेल.

आधी हेड ठरवा, मग कॅम. हेडमधला हवेचा मार्ग, म्हणजे पोर्ट, लहान असताना मोठा कॅम टाकला तर आयडल बिघडतो, ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पडतो आणि हवा पोर्ट देईल तेवढीच येते. १९५ सीसी रनर (इनटेक पोर्टचं आकारमान), २.०२ इंचाचा इनटेक व्हॉल्व्ह, कॅम २२४ ते २३० अंश, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांमधला कोन) ११० अंश.

उत्तर २:
६४ सीसी चेंबरची हेड घेणार असाल तर पिस्टन आधी बघा. एका सिलिंडरचे ७८४ सीसी. चेंबर ६४, सपाट माथ्याच्या पिस्टनवरचे व्हॉल्व्हसाठीचे खाचे (रिलीफ) ५, ०.०३९ इंच जाडीचं गॅस्केट ८.४, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या) ०.००५ इंच खाली म्हणून १. एकूण ७८.४, म्हणजे कॉम्प्रेशन ११:१. पंपाच्या साध्या पेट्रोलवर बिडाच्या हेडला हे नॉक करणारच (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसणार). १८ सीसी डिशचे (माथ्यावर खोलगट) पिस्टन घेतले की ९.६ होतं. जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवू नका, क्वेंच (पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातलं अंतर) ०.०४५ इंचाच्या फार पुढे गेला की नॉकिंग उलट वाढतं.

प्रश्नकर्ता:
व्हॉर्टेक हेड (शेवरलेचीच एक प्रकारची हेड) घेतली तर?

उत्तर २:
चेंबर ६४, म्हणजे पिस्टन डिशचेच. व्हॉल्व्ह मात्र १.९४ चाच, रनरही लहान, त्यामुळे ५,००० च्या आसपास समाधान मानायचं. मूळ स्थितीत ०.४६० इंचाच्या वर लिफ्ट दिली तर रिटेनर (व्हॉल्व्ह स्प्रिंगची टोपी) व्हॉल्व्ह गाइडच्या सीलवर आदळतो. इनटेक मॅनिफोल्डही व्हॉर्टेकचाच लागेल, बोल्टची जागा वेगळी आहे.

उत्तर ३:
नवा कॅम आला की कनेक्टिंग रॉड आणि कॅमच्या लोबमधलं अंतर बघा, ३८३ चं खरं दुखणं तिथे आहे. कॅम डिग्री करून (क्रँकशी त्याचा कोन मोजून) बसवा, क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. कॅम निम्म्या वेगाने फिरतो, एका फेऱ्यात अर्धेच लोब रॉडसमोर येतात. १, २, ५, ६ या सिलिंडरांच्या रॉड बोल्टपाशी किमान ०.०५० इंच फट हवी. नसेल तर स्मॉल बेस सर्कल कॅम (लोबचं मूळ वर्तुळ लहान असलेला) घ्या, आणि मग पुशरॉडची लांबी नव्याने मोजा.

हेड कसण्याआधी पिस्टनवर क्ले (मऊ माती) ठेवून पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली फट मोजा: इनटेकला किमान ०.०८० इंच, एक्झॉस्टला ०.१०० इंच. स्प्रिंग नव्या कॅमच्या जोडीच्याच. शेवरलेच्याच ४०० घन इंच इंजिनचा जुना क्रँक वापरत असाल तर बॅलन्सर आणि फ्लायव्हीलही ४०० चेच, कारण तो क्रँक बाहेरून (बॅलन्सर आणि फ्लायव्हीलच्या वजनाने) बॅलन्स केलेला असतो.