गोधडीच्या अस्तराचा जोड तिरका जातोय, थर टाचायचे कसे? (बजेट ७००)

गवतीचहा
नमस्कार मंडळी. आजीच्या दोन नऊवारी लुगड्यांची गोधडी करायला घेतलीय. बहिणीला सातवा महिना लागलाय, बाळ-बाळंतीण दोघांना पुरेल अशी ६० बाय ८४ इंच. वरचा थर झालाय, लुगड्याचे आणि खणाचे ६ इंची चौकोन, आडवे १० उभे १४. अस्तराला दुसरं लुगडं. त्याचा पन्हा ४५ इंच आणि काष्ट्याकडचा भाग विरलेला, म्हणून चांगल्या भागातून दोन पट्टे कापले आणि मधोमध उभा जोड दिला. परवा तिन्ही थर अंथरून टाचण्या लावल्या, कच्चा दोरा घातला आणि उलटून बघते तर जोड डोक्याकडे बरोबर मध्यात आणि पायाकडे जवळजवळ ३ इंच डावीकडे! शिवाय अस्तराला चुण्या. रात्री बसून सगळं उसवलं. आता पुन्हा थर लावायचे कसे ते सांगा. मध्ये पॉलिफिलची (कृत्रिम धाग्याच्या मऊ भरावाची) शीट घालू की आजीचीच सोलापुरी चादर आहे ती घालू? मशीन साधी पायाची आहे, गोधडी हातानेच घालणार. बजेट दोऱ्यासकट ७००.

फ्रीमाँटकर
जोडच देऊ नका ना. इकडे क्विल्टच्या दुकानात १०८ इंच पन्ह्याचं खास अस्तराचं कापड मिळतं, एकच तुकडा, जोडाची कटकट नाही. मधे कॉटन बॅटिंग म्हणजे तयार सुती भराव, थर चिकटवायला स्प्रे, अर्ध्या तासात काम. मी गेल्या ४ वर्षांत ११ क्विल्ट केल्या, एकीला इथल्या जत्रेत रिबन मिळाली. मशीनला वॉकिंग फूट, म्हणजे सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा पाय, मात्र घ्याच.

गवतीचहा
ताई, लुगडं आजीचं आहे म्हणून तर सगळा खटाटोप. दुसरं कापड नाही घालायचं. आणि बजेट ७०० आहे हो.

माहेरवाशीण७४
टाचण्या नकोच, त्या हलतात आणि टोचतात. सेफ्टी पिना घ्या, एका मुठीएवढ्या अंतरावर एक. मधून सुरू करून बाहेर जायचं. आणि सगळ्या पिना आधी नुसत्या खुपसून घ्या, बंद शेवटी करा. एक बंद केली की कापड उचललं जातं आणि शेजारची सरकते. माझ्याकडे ४०० पिना आहेत, डबा भरून.

श्रावणसर
सेफ्टी पिनांचा माझा अनुभव वाईट आहे. जुलैत मुलीच्या दुलईला पिना लावल्या, मग गावी जावं लागलं, ३ आठवड्यांनी येऊन बघते तर प्रत्येक पिनेखाली गंजाचा तांबूस ठिपका. पांढऱ्या मलमलवर! लिंबू-मीठ चोळलं, उन्हात ठेवलं, नाही गेले. पावसाळ्यात पिना लावायच्या तर त्याच आठवड्यात काम संपवा नाहीतर सरळ कच्चा धावदोरा घाला.

शब्दवेडा
आमच्याकडे सातारा भागात याला वाकळ म्हणतात. गोधडी म्हणजे मऊ, पातळ. चौकोनांचं जड असेल तर ती वाकळच.

बेळगावी_कुंदा
आमच्या भागात कौदी. वाकळ-गोधडी वाद नको, प्रश्नाचं बोला. थर मधून टाचायचे हे कोणी सांगितलं? कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, घालतात त्या कडेपासून सुरू करतात, गोल गोल फिरत मध्यावर संपवतात. खाली अख्खी साडी, वर तुकडे ठेवत ठेवत जातात, आधी टाचणं वगैरे काही नाही. मी स्वतः बसून बघितलंय, कापड मांडीखाली दाबलेलं असतं आणि डाव्या हाताने सतत साफ करत जातात.

माहेरवाशीण७४
कुंदाताई, त्यांचं बरोबर आहे पण त्या तुकडे जागच्या जागी लावतात म्हणून चालतं, जास्तीचं कापड पुढच्या तुकड्याखाली जातं. हिचा वरचा थर आधीच शिवून तयार आहे. कडेपासून आली तर सगळा झोळ मध्यावर गोळा होणार. मधूनच. आणि पिनाच.

टीपमास्तर
३० वर्षं शिलाई करतो, दुकान आहे. ताई, तुमचा दोष थर लावण्यात निम्माच आहे, निम्मा कापण्यात आहे. पट्टे कात्रीने अंदाजाने कापले असणार. उभा धागा सुटला की कापड उरेब म्हणजे तिरपं होतं, मग तुम्ही कितीही सरळ अंथरा, हात फिरवला की एका बाजूला ओढलं जातं. नवं सुती कापड असतं तर सांगितलं असतं की कापू नका, फाडा, फाडलेलं कापड धाग्यातच जातं. जुनं लुगडं फाडू नका, विरलेल्या जागी भलतीकडे जाईल. कडेचा एक उभा धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढून काढा, मध्ये तुटला तर तिथून पुढचा धरा. कापडात बारीक रेघ दिसते, त्या रेघेवर कात्री चालवा. वेळ जातो, पण जोड ओळंब्यात येतो.

दुसरं, जोडात काठ घेतलाय का? काठाची वीण घट्ट, अंगाची सैल. धुतल्यावर काठ आवळतो आणि शेजारी अंग फुगतं, त्या तुमच्या चुण्या. काठ काढून मग जोडा, अर्धा इंच शिलाई सोडा आणि शिवण उघडून इस्त्री करा, एका बाजूला पाडू नका, सुईला जाड लागते.

श्रावणसर
आजीच्या लुगड्याचा काठ कापायचा? इरकलीचा काठ हीच तर त्याची ओळख. मला नाही पटत.

टीपमास्तर
फेकायला कुठे सांगतोय. जोडातून काढा आणि कडेला पट्टी म्हणून लावा, चारी बाजूंनी दिसेल. जोडात तो आतच जातो.

गवतीचहा
मास्तर, काठ जोडातच घेतला होता, दोन्हीकडचा. आणि हो, कात्रीनेच कापलं होतं. आज एका पट्ट्याचा धागा ओढून बघितला, तर खालच्या टोकाला कापलेली कड अडीच इंच आत आली होती!! म्हणजे तो तिरका जोड मीच कापून ठेवला होता.

ओटीवरची
आता थर लावण्याबद्दल, कारण ते कोणीच नीट सांगितलं नाही. घरात फरशी आहे ना? फरशीचा लांब सांधा हाच तुमचा ओळंबा. अस्तर उलटं, म्हणजे शिवणीची बाजू वर करून अंथरा आणि मधला जोड बरोबर सांध्यावर ठेवा, डोक्यापासून पायापर्यंत. कडा मास्किंग टेपने जमिनीला चिकटवा. कापड ताठ हवं पण ताणलेलं नको, ताणलं तर टेप काढल्यावर आक्रसून चुण्या पडतात. अस्तर चारी बाजूंनी ४ इंच मोठं ठेवा.

मग मधला थर लांबीत दुमडून निम्मा करा, घडीची कड जोडावर ठेवा आणि वरची अर्धी बाजू उलगडा. अख्खा थर एकदम टाकला की सरकवावा लागतो आणि सरकवताना खालचं अस्तर हलतं. वरच्या थराचंही तसंच, सुलट बाजू आत घेऊन दुमडा. तुमचे १० चौकोन आहेत म्हणजे पाचव्या-सहाव्यामधली शिवण बरोबर मध्यावर येते, घडी तिथेच घाला. अस्तर मोठं असल्यामुळे जोडाची दोन्ही टोकं बाहेर दिसत राहतात. त्या दोन टोकांवरून सुतळी ताणा, टोकांना पिठाचे डबे ठेवा. सुतळी आणि तुमची मधली शिवण एकमेकींवर दिसली पाहिजे. नाही दिसली तर वरचे थर उचलून परत ठेवा, ओढून जुळवू नका.

त्यानंतर कच्चा धावदोरा. पहिली ओळ त्या मधल्या शिवणीवर, मग मधून डावीकडे, मधून उजवीकडे, ४-४ इंचांवर. टाका दोन बोटं लांब चालेल. दोरा पांढरा घ्या, मी एकदा लाल घेतला होता आणि त्याचा रंग उतरला.

फ्रीमाँटकर
एवढं सगळं करण्यापेक्षा स्प्रे खरंच सोपा आहे. १०८ इंची कापडाचा विचार करा, मी येताना आणू शकते.

माहेरवाशीण७४
मीही हेच म्हणत होते, मधून बाहेर. पण दोऱ्याऐवजी पिना.

पाटावरचं_ताट
मधल्या थराचं कोणी बोललं नाही. सोलापुरी चादर घालू नका! वाळता वाळत नाही, बाळंतिणीच्या घरात रोज दुपटी धुवायची त्यात हे ओझं. आमच्या जाऊबाईंनी घातली, पिळायला दोन माणसं लागतात. जुनी सुती साडी दुहेरी घाला, फुकटात काम.

टीपमास्तर
सहमत. चादरीची वीण घट्ट असते, हाताला सुई चालणार नाही. पातळ साडी घाला.

श्रावणसर
मीही साडीच म्हणेन. पॉलिफिल घामाला वाईट.

गवतीचहा
सगळ्यांचे मनापासून आभार. ८ दिवस लागले पण झालं.

पट्टे धागा ओढून पुन्हा कापले, काठ काढला, शिवण उघडून इस्त्री केली. फरशीचा सांधा, घडी घालून उलगडणं, सुतळी, पिठाचे डबे, सगळं ओटीवरचीताईंनी सांगितलं तसं. पहिल्यांदा सुतळी आणि शिवण एका बोटाने चुकली, उचलून परत ठेवली. आई गुडघे टेकून एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने, पांढरा कच्चा दोरा घालत गेलो, १७ ओळी झाल्या. उलटून बघितलं, जोड डोक्याकडे मध्यात, पायाकडे अर्धा इंच सरकलाय. चुणी एकही नाही.

मध्ये चादर घातली. तुम्ही सगळे नको म्हणालात आणि सुई खरंच जड जाते, दाभण आणि अंगुस्तान घेऊन बसलेय, तासाला एक ओळही होत नाही. पण आजी शेवटची दोन वर्षं तीच पांघरून झोपायची, धुऊन धुऊन इतकी मऊ झालीय की हाताला जुन्या मलमलसारखी लागते. ती कपाटात ठेवून नवीन काही मध्ये घालायला हात धजेना. वाळायला गच्ची आहे. खर्च दाभण, दोरा, टेप, अंगुस्तान धरून २६० झाला.

टीपमास्तर
छान झालं. कच्चा दोरा काढायची घाई करू नका, कडेची काठाची पट्टी बसली की मग काढा. आणि पट्टी लावताना अस्तराची जास्तीची ४ इंच आधी कापू नका, पट्टी एका बाजूने शिवून झाली की कापा.