ओलिताले रात्री वावरात असतो, आभाळात काय काय पायता येईल?

कपाशीवाला (दारव्हा तालुका)
राम राम मंडळी. सध्या थ्री फेज लाईन रात्रीची असते, म्हनून हरभऱ्याच्या वावरात मुक्काम. मोटार चालू केली की बांधावर बसून वर पायतो. दिवाळीच्या सुट्टीत पोरगीबी संगं येते अन् इचारत राह्यते. मले मृग अन् कृत्तिका तेवढ्या ठाऊक. अजून काय दाखवू तिले? अन् रात्री दोनच्या सुमाराले दक्षिणेकडं, तुरीच्या शेंड्यांच्या जरा वर, एक मोठा पांढरा तारा दिसते. तो कोनता?

वर्गाबाहेर (जि. प. शिक्षक, वाशीम)
भाऊ, तो अगस्ती. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, सुमारे ३१० प्रकाशवर्षं दूर (प्रकाशवर्ष म्हणजे उजेड एका वर्षात कापतो तेवढं अंतर). त्या वेळी व्याधही त्याच्या बराच वर असतो, दोन्ही एकदमच दाखवा. अगस्ती आपल्याकडे जास्तीत जास्त १७ अंश चढतो, दिल्लीत जेमतेम ९.

पण पोरगी पेंगायच्या आधी, नऊ-साडेनऊला, डोक्यावर बघा. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, आत जवळपास रिकामा. या पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा. उत्तरेला पाच ताऱ्यांची वाकडीतिकडी शर्मिष्ठा. आता चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून ईशान्येकडेच सरका: आधी एक मंद तारा, मग एक ठळक. त्या ठळक ताऱ्यावरून शर्मिष्ठेच्या बाजूला वळा, दोन बारके तारे ओलांडा. तिथं धुरकट लांबट डाग आहे, ती देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच असंख्य ताऱ्यांचा समूह. अंतर २५ लाख प्रकाशवर्षं. तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर तुमच्या-आमच्यासारखा माणूस नव्हता, आणि तो दुर्बिणीशिवाय, हरभऱ्याच्या बांधावरून दिसतो! माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराला एकदा तरी तो दिसावा असं मला मनापासून वाटतं. थेट रोखून बघू नका, किंचित बाजूला नजर ठेवा, म्हणजे उठून दिसेल. अमावास्येच्या मागचे-पुढचे पाच-सहा दिवस धरा. कोजागिरीच्या चांदण्यात तो हरवतो.

पेंचकाठ
गुरुजींनी अंधाराचं बरोबर सांगितलं. आमच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. पण वावरात दिवा नसेल तर तुमच्याकडंही काही कमी नाही. २१-२२ ऑक्टोबरच्या आसपास मध्यरात्रीनंतर मृगाच्या बाजूनं उल्का येतात. हॅलेच्या धूमकेतूनं मागं टाकलेली धूळ आहे ती. चंद्र नसेल तर नक्की बसा.

कपाशीवाला
गुरुजी, डाग दिसला! पोरीले माझ्याआधी सापडला. आता ती दुर्बीण मांगते. अन् टॉर्च लावली की पुन्हा काहीच दिसत नाही, त्याचं काय करू?

वर्गाबाहेर
शाबास तिची! दुर्बिणीची घाई नको. दोन्ही डोळ्यांनी बघायची साधी १०×५० द्विनेत्री मिळाली तर कृत्तिकांचा पुंजका असा फुलतो की ती आठवडाभर तेच बघेल. टॉर्चच्या काचेवर लाल पतंगी कागद दुहेरी बांधा. पांढऱ्या उजेडानंतर डोळ्यांना अंधार पुन्हा नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, लाल उजेडात तेवढा त्रास नाही. पण पाणी फिरवायला बांधावरून चालताना तो कागद काढा आणि गमबूट घाला, लेकीलाही. या दिवसांत घोणस हमखास बांधालाच असते.