मदत हवी आहे: मणक्यात पसरलेल्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेबद्दल

माझ्या थोरल्या बहिणीचा मूत्रपिंडाचा कर्करोग पाठीच्या मणक्यात पसरला असून गाठीचा दाब मज्जारज्जूवर येऊ लागला आहे. ती अजून आधाराने चालते. परंतु पायांतली शक्ती कमी होत असल्याने निर्णय लवकर घ्यावा लागेल. सुचवलेल्या शस्त्रक्रियेत संपूर्ण गाठ काढली जात नाही. गाठ आणि मज्जारज्जू यांच्यात २-३ मिलिमीटरची मोकळी जागा करून स्क्रू व सळ्यांनी मणके स्थिर केले जातात आणि जखम भरल्यावर उरलेल्या गाठीवर नेमका रोखलेला, मोठ्या मात्रेचा किरणोपचार दिला जातो. या कर्करोगाच्या गाठी नेहमीच्या किरणोपचाराला फारशी दाद देत नाहीत, हे कारण मला पटते. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया व किरणोपचार दोन्ही मिळालेले ८४ टक्के रुग्ण उपचारांनंतर चालू शकले, तर केवळ किरणोपचार मिळालेले ५७ टक्के. अर्थात, तेव्हाचा किरणोपचार आजच्याइतका नेमका नव्हता.

गाठीत रक्तवाहिन्या दाट असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी त्या बंद करण्याची प्रक्रियाही करावी लागेल.

ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सांगावे: जखम भरण्यास किती काळ लागला, त्यामुळे किरणोपचार लांबला का, आणि कर्करोगाची चालू औषधे शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर किती दिवस थांबवली होती? वेदना कितपत कमी झाल्या, हे तिला स्वतःला सर्वांत आधी जाणून घ्यायचे आहे.