वहीतल्या नोंदी जागतिक परिषदेत मांडता येतील का?

प्रश्न: मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली. बारा वर्षं क्षयरुग्णांच्या घरी जाऊन औषधं चुकत नाहीत ना, ते बघते. मध्येच गोळ्या सोडलेली 27 माणसं परत आणली. प्रत्येकाचं कारण वहीत आहे. मजुरी बुडते, मळमळतं, शेजाऱ्यांची लाज. हे परिषदेत सांगावंसं वाटतं. इंग्रजी जेमतेम.

उत्तर १: नक्की मांडा, ताई! 'द युनियन' या क्षयरोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फुप्फुस-आरोग्य परिषद बघा. 2019 मध्ये ती हैदराबादला भरली होती. आधी गोषवारा, म्हणजे कामाचा थोडक्यात सारांश, पाठवायचा. मात्र रुग्णांची नावं गाळा आणि एथिक्स कमिटीला, म्हणजे रुग्णांची माहिती वापरायला परवानगी देणाऱ्या समितीला, आत्ताच विचारा. माझं तिथेच अडलं होतं.

उत्तर २: डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) अकादमीचे ऑनलाइन अभ्यासक्रमही बघा. इंग्रजीला मी मदत करीन.

प्रश्नकर्ती: रविवारी वही घेऊन बसूया?