मोत्याची किंमत आणखी कोणी दिली?

देवाच्या राज्यासाठी केलेल्या त्यागाबद्दल बोलताना बायबलमधला, एका मोत्यासाठी सर्वस्व विकणाऱ्या व्यापाऱ्याचा दाखला (मत्तय १३) देतात, त्यात थोडी भर. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा त्याग आपण नेहमी सांगतो, पण त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाही बसली, तीही त्यांचं मत न विचारता. ताटातूट, लोकांचे टोमणे, सोवळ्या-ओवळ्याची मनातली ओढाताण. पुढे १९०० मध्ये त्या स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. व्यापाऱ्याच्या बायकोचं काय झालं, हे दाखल्यात येत नाही!

आणि माझ्या मते टिळकांचा १९१७ चा निर्णयही तितकाच मोठा. तेव्हा त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. त्याबद्दल मात्र प्रवचनांत फारसं ऐकू येत नाही.