देवाने आधीच निवडलंय, मग "मी येशूला स्वीकारलं" याला अर्थ काय?

शिरूरकर:
सलाम मंडळी. आमच्या बायबल स्टडीला इफिस १ (पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय) चालू आहे. चौथ्या वचनात जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने आपल्याला निवडलं असं आहे आणि तिथेच माझी गाडी अडली. कॉलेजात असताना मी प्रभूला स्वीकारलं, साक्ष देताना पण "मी निर्णय घेतला" असंच सांगतो, आता पाळकसाहेब म्हणतात निर्णय तुझा नव्हेच, त्याचा. बरं तेही मान्य. पण आई अजून रोज देवपूजा करते, चर्चचं नाव काढलं की उठून आत जाते, मग ती निवडलेली नाही असं समजायचं का? झोप उडालीये राव.

वेस्लीवाला:
मी मेथडिस्ट, त्यामुळे पक्षपाती उत्तर. १ तीमथ्य २:४ वाच, सगळ्यांचं तारण व्हावं ही त्याची इच्छा. कृपा आधी येते हे आम्हीही मानतो, पण माणूस तिला नाही म्हणू शकतो. आमच्या मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, त्याने १७३९ ला यावरच प्रवचन दिलं आणि व्हिटफिल्डसारख्या जवळच्या दोस्ताशी वाजलं त्याचं.

डॉर्टचा_वकील:
तो वाद त्याच्याही आधीचा आहे. आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या शिष्यांनी १६१० ला मांडलं की कोण विश्वास ठेवणार हे आधीच पाहून देवाने निवड केली. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सिनडने (हॉलंडमधली चर्चची धर्मसभा) ते फेटाळलं, म्हणे विश्वास बघून निवड नाही, निवडीतून विश्वास येतो. योहान ६:४४ पण बघ, पित्याने ओढल्याशिवाय कोणी येशूकडे येऊ शकत नाही. पण त्याच सिनडने सुवार्ता भेदभाव न करता सगळ्यांना सांगा असंही लिहून ठेवलंय, हे लोक सोयीस्करपणे विसरतात. आई यादीत नाही हे ठरवायचा हक्क तुला कोणी दिला?

केडगाव_लाईन:
तुम्ही दोघं युरोपातच फिरताय. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात झाला आणि पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही. तो बदल व्हायला बरीच वर्षं गेली, हॅस्लम नावाच्या पाद्र्याचं आत्मकथन वाचून, आणि तो पाद्री म्हणजे स्वतःचंच प्रवचन देता देता बदललेला माणूस! रेव्हरंड टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० ला. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांचं सोवळं लगेच सुटलं नव्हतं. १८९६ ला कोणी विचारलं असतं तर तुझ्यासारखंच म्हणालं असतं, ही कसली निवडलेली.

बाहेरचा_वाचक:
मी ख्रिस्ती नाही, वाचत होतो. श्रीवैष्णवांत (दक्षिणेतला विष्णुभक्तांचा संप्रदाय) डिट्टो हेच भांडण आहे, माकडाचं पिल्लू आईला स्वतः धरून बसतं, मांजरीचं पिल्लू तीच तोंडात धरून नेते. वेस्लीवाले माकड, डॉर्टवाले मांजर 😄

शिरूरकर:
म्हणजे मी मांजर. आईशी वाद घालणं तूर्तास बंद करतो. पाळकसाहेबांना ते सुवार्तेचं कलम मात्र बुधवारी विचारणार. वेस्लीवाले, तू पण ये, चहा माझ्याकडून.