मदत हवी आहे: बाबा रात्रभर जागे असतात, झोपेची सौम्य गोळी कोणती?

गारवा (सोमवार, रात्री १:२०)
बाबांचं वय ७९. रात्री झोपत नाहीत. सारखे उठतात, दिवे लावतात, घरभर फिरतात, त्यामुळे मीही जागीच. सकाळी मला कामावर जायचं असतं. दिवसा ते खुर्चीत डुलक्या घेतात, काही विचारलं तर "मला काही झालेलं नाही" एवढंच. बीपी, शुगर ठीक आहे. लवकर झोपवून पाहिलं, उशिरा झोपवून पाहिलं, टीव्ही बंद केला, दिवसाची झोप मोडली. काही फरक नाही. सवय लागणार नाही अशी सौम्य गोळी माहीत असेल तर कृपया सांगा. डॉक्टरकडे यायला ते तयार नाहीत, त्यामुळे "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. मी खरंच थकले आहे.

पाऊलवाट
गोळी नकोच. रोज सकाळी उन्हात ४० मिनिटं चालायला न्या. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं. माझ्या सासऱ्यांची झोप तीन आठवड्यांत सुधारली होती.

निशिगंध
मी २२ वर्षं परिचारिका आहे, बरीचशी वृद्धांच्या वॉर्डात. इथे कोणी गोळीचं नाव सांगितलं तरी घेऊ नका. आधी एवढं लिहा: हे कधीपासून सुरू झालं? रात्री किती वाजता उठतात? लघवीला उठतात का? पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, चालू आहे का? सध्या कोणकोणती औषधं घेतात? अलीकडे पडले होते का? घरात आणखी कोण असतं?

वेदिका
प्राणायाम करून पहा. झोपण्याआधी दहा मिनिटं, श्वास सावकाश सोडायचा. मला स्वतःला फार उपयोग झाला.

गारवा
@निशिगंध, पाच महिन्यांपासून. घरात आता आम्ही दोघंच. बीपीची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन, बाकी काही नाही. पाण्याची गोळी नाही. कधी कधी लघवीला जातात, दर वेळी नाही. वेळा पाहिल्या नाहीत. शनिवारी बाथरूमच्या दारात पाय घसरला होता, फार लागलं नाही. पण माझा प्रश्न झोपेचा आहे.

निशिगंध
पडणं आणि झोप हे वेगळे प्रश्न नाहीत, ताई. डोकं आपटलं होतं का? अ‍ॅस्पिरिन चालू आहे म्हणून विचारते. या वयात डोक्यावर बेताचा मार बसला तरी आत हळूहळू रक्त साचू शकतं आणि लक्षणं काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूला अशक्तपणा यातलं काही दिसलं तर थांबू नका, तडक दवाखान्यात न्या. आणि "आता आम्ही दोघंच" म्हणजे? पाच महिन्यांपूर्वी काय झालं?

गारवा
डोक्याला नाही, कोपराला खरचटलं.
आई गेली. पाच महिन्यांपूर्वी. पार्किन्सन्स होता, शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. सगळं बाबांनीच केलं, बाईला हात लावू दिला नाही. मला वाटलं होतं आता त्यांना जरा विश्रांती मिळेल.

वेदिका
मग हे दुःखाचे पाच टप्पे आहेत. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. बाबा चौथ्यावर आहेत. स्वीकार आला की झोपही येईल. धीर धरा.

तर्कशुद्ध
वेदिकाताई, हे इतकं पसरलंय की लिहिणं भाग आहे. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचा अभ्यास तो नव्हता. माणसं असे जिने चढत नाहीत. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी वेगळं मांडलं: माणूस कधी दुःखाकडे तोंड करतो, कधी रोजच्या कामाकडे, आणि हे हेलकावे चालूच राहतात. मला हे जास्त पटतं, कारण माझी आई अशीच होती. सकाळी बिलं भरायची, संध्याकाळी रडायची.

वेदिका
टप्पे ज्यांना आधार देतात त्यांना देऊ द्या की. मी माझ्या भावाच्या वेळी त्यांनाच धरून उभी राहिले.

तर्कशुद्ध
तुमच्या अनुभवाबद्दल काही म्हणणं नाही. पण "चौथ्यावर आहेत, धीर धरा" हे ऐकून मदत घ्यायला उशीर होतो, एवढंच.

हिशेबनीस
थोडं वेगळं, पण महत्त्वाचं. आईंच्या नावाची खाती, विमा, घराची कागदपत्रं यांत वारस नोंद झाली का? बाबांनी त्यांच्या कागदांवर अजून आईंचं नाव ठेवलं असेल तर ते बदलून घ्या. आम्ही दोन वर्षं चालढकल केली आणि फार त्रास झाला.

पाऊलवाट
गारवा, तुम्ही त्यांना सरळ दुसऱ्या घरात न्या. त्या खोलीत राहिले तर आठवणी येतच राहणार. जागा बदलली की माणूस बदलतो.

सदानंद_६८
याला माझा ठाम विरोध. पत्नी गेल्यावर मुलाने प्रेमानेच मला दीड महिन्यात त्याच्याकडे नेलं. रात्री बाथरूमचा रस्ता आठवेना, भिंत चाचपत जायचो. जिच्यासोबत ४१ वर्षं काढली ती गेली आणि वर घरही गेलं. वर्षभर तरी मोठा निर्णय नको.

पाऊलवाट
काका, तुमचं मान्य. पण इथे मुलगी एकटी आहे, तिची झोप मोडते, तिचाही विचार हवा ना?

निशिगंध
घराचं नंतर. @गारवा, दोन रात्री फक्त घड्याळ बघून लिहून ठेवा. कधी उठले, कुठे गेले, किती वेळाने परतले. आणि दुसरं, जगणं नको झालंय अशा अर्थाचं काही बोलतात का?

गारवा (बुधवार, पहाटे ५:४०)
दोन्ही रात्री लिहिलं. सोमवारी ११, १, ३, ५. काल ११, १, ३ वाजून ५ मिनिटं, ५. आईच्या खोलीत जातात, दिवा लावतात, पलंगापाशी उभे राहतात, दोन-तीन मिनिटांनी दिवा मालवून परत येतात. मला काय समजायचं तेच कळत नाहीये.
आणि हो, परवा म्हणाले, "आता माझं काय काम उरलंय?"

सदानंद_६८
बाळ, दर दोन तासांनी. ते तिला कूस बदलून द्यायला उठतायत.

निशिगंध
काकांनी नेमकं ओळखलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, कमरेला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. तीन वर्षं रोज रात्री त्यांनी ते केलं. त्यांचं शरीर अजून ड्युटीवर आहे.

गारवा
मी ऑफिसच्या जिन्यात बसून हे वाचतेय. आईच्या पाठीवर शेवटपर्यंत एक जखम नव्हती. डॉक्टरही आश्चर्य करायचे. मी कधी विचारलंच नाही की हे कसं जमलं.

निशिगंध
"काय काम उरलंय" हे वाक्य सोडून देऊ नका. शांत वेळ बघून थेट विचारा, मरावंसं वाटतं का, तसे विचार येतात का.

वेदिका
असं थेट कसं विचारायचं? नसलेला विचार डोक्यात यायचा!

निशिगंध
नाही येत. यावर अभ्यास झालेले आहेत, विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो. वयस्क पुरुषांत आत्महत्येचं प्रमाण बहुतेक देशांत सर्वांत जास्त असतं आणि जोडीदार जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण. आणखी एक, आईंची उरलेली औषधं घरात आहेत का? कुठे?

गारवा
आईच्या डब्यात होती, आता पाहिली. अल्प्राझोलॅमची, म्हणजे अस्वस्थपणा कमी करणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या गोळीची, एक स्ट्रिप अर्धी रिकामी आहे. ती आईला शेवटी चालू होती, पण ही स्ट्रिप मी तिच्यानंतर आवरताना अख्खी ठेवली होती. म्हणजे बाबा घेतायत? आणि तरीही झोपत नाहीत?

निशिगंध
घेत असतील. तसं असेल तर शनिवारचं पडणंही त्यातूनच असू शकतं. या जातीच्या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, गोंधळ वाढतो. म्हणूनच वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची जी बिअर्स यादी १९९१ पासून वापरात आहे तिच्यात त्या आहेत. ओरडू नका, विचारा. आणि रोज घेत असतील तर एकदम बंद करू नका, त्यानेही त्रास होतो, डोस डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करायचा असतो. तोवर डबा तुमच्या कुलपात आणि रोजची गोळी तुमच्या हातून.

तर्कशुद्ध
डॉक्टरांकडे गेलात की थायरॉइड, बी-१२ आणि सोडियम तपासायला सांगा. या वयात ते बिघडलं तरी माणूस असाच मंदावतो. १५ हो-नाही प्रश्नांची वृद्धांच्या नैराश्याची प्रश्नावली असते, गुण ५ च्या वर गेले तर पुढे नीट तपासतात. आणि पाच महिन्यांचं दुःख हा आजार नव्हे. लांबलेल्या शोकाचं निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्येही सहा महिन्यांनंतरच करतात, अमेरिकन निकषांत एक वर्षानंतर. पण शोकासोबत नैराश्यही असू शकतं, ते वेगळं पाहावं लागतं.

पाऊलवाट
आणि चालणं सोडू नका!

गारवा (शुक्रवार, सकाळी ६:१५)
काल विचारलं. म्हणाले, "नाही गं, मरायचं नाहीये. पण हात रिकामे झालेत." गोळ्या घेतल्याचं मान्य केलं, रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. लपवल्याबद्दल माझीच माफी मागायला लागले.
रात्री १ वाजता मीही उठून आईच्या खोलीत गेले. म्हटलं, बाबा, मला दाखवा कसं करायचात. त्यांनी लोड पलंगावर आडवा ठेवला. एक तळवा खांद्याखाली, दुसरा गुडघ्याच्या वर, "ओढायचं नाही, आपल्याकडे वळवायचं, मग पाठीला उशी." टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली छोटी उशी. चादरीची सुरकुती तळहाताने सपाट केली. मग बसले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा रडले. ३ ला उठले नाहीत. ५ ला उठले.
सोमवारची वेळ घेतली आहे. "तुझ्या झोपेसाठी येतो" म्हणालेत.

सदानंद_६८
बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांना बोलावंसं वाटलं तर मी रोज पहाटे जागाच असतो, इथेच निरोप टाक.

निशिगंध
सोमवारी घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, त्यांची आणि आईंची. रिकाम्या स्ट्रिप्ससुद्धा. गोळ्या मोजून आकडा कागदावर लिहा, आणि तो रात्रीच्या वेळांचा कागदही सोबत ठेवा.